लाल क्षेत्रातली मोजणी : कच्छच्या सीमेवर ड्रोन उडवताना

ड्रोन उडवणं आता सोपं झालंय असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले, महिन्याभरात ड्रोन कुठे उडवता येतो ते सांगणारा देशाचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा आला, आणि हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत कुणाची परवानगी मागायची गरज उरली नाही. आमच्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि आमच्यासारखे सर्व्हेवाले हळूहळू टोटल स्टेशनकडून, म्हणजे तिपाईवरच्या मोजणीयंत्राकडून, ड्रोनकडे वळले. शेतजमिनी, खाणी, रस्त्यांची आखणी, सगळं हिरव्यात. सकाळी चहा घ्यायचा, बॅटऱ्या लावायच्या, उडवायचं.

खावड्याचं काम आलं तेव्हा ही सवय मोडली.

कच्छच्या रणात खावड्याच्या उत्तरेला ७२,६०० हेक्टरवर सौर आणि पवन ऊर्जेचं प्रचंड उद्यान उभं राहतंय. डिसेंबर २०२० मध्ये त्याची पायाभरणी झाली. सीमेलगतचा साधारण १ ते ६ किलोमीटरचा पट्टा फक्त पवनचक्क्यांसाठी ठेवला आहे, सौर पॅनल त्याच्या दक्षिणेला. आमच्या क्लायंटला त्या दक्षिणेकडच्या भागातल्या एका प्लॉटचे चढउतार हवे होते. रणात कसले आलेत चढउतार, असं वाटेल. पण पाणी कुठे साचतं आणि कुठून वाहून जातं हे तिथे वीस-तीस सेंटिमीटरच्या फरकावर ठरतं, आणि पॅनलचे पाय किती उंच घ्यायचे ते त्यावरून. पायी मोजायचं तर हिवाळा पुरला नसता.

नकाशा उघडला तर प्लॉट पूर्ण लाल. आंतरराष्ट्रीय सीमेपासून २५ किलोमीटरच्या आतला भाग लाल क्षेत्रात मोडतो. नियंत्रण रेषा आणि चीनकडची प्रत्यक्ष ताबारेषाही त्यातच धरतात. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. ड्रोन नियमांखालचा दंड जास्तीत जास्त १ लाख रुपये आहे, म्हणून काही हौशी लोकांना तो परवडेल असा वाटतो. पण सीमेजवळ पकडलेल्या ड्रोनवाल्याची चौकशी ड्रोन नियमांपाशी थांबत नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, पोलीस आहेत, गुप्तचर यंत्रणा आहेत. तुमच्या मेमरी कार्डात काय आहे यावर पुढचे महिने कसे जातील ते ठरतं.

यंत्रणेची बाजूही समजून घ्यायला हवी. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. पंजाबच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाने २०२४ या एका वर्षात २९४ ड्रोन पकडले, बहुतेक अमली पदार्थांच्या पुड्या घेऊन आलेले. आणि ते काही लष्करी ड्रोन नव्हेत. बरेचसे बाजारात मिळणारे चार पंख्यांचे, लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसलेच. रात्री चौकीवर उभ्या असलेल्या जवानाला दोन्हींचा आवाज एकच.

भुजच्या हॉटेलात आम्हाला असाच एक प्री-वेडिंगवाला भेटला होता. अहमदाबादचा मुलगा, गाडीत परदेशी बनावटीचा ड्रोन. म्हणाला, "ॲपमध्ये तर काहीच लाल दाखवत नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. ड्रोन कंपनीच्या ॲपमधली क्षेत्रं आणि आपल्या सरकारच्या नकाशातली क्षेत्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचं कुलूप लागलं नाही, म्हणजे ॲपने उड्डाण अडवलं नाही, की परवानगी आहे, हा समज चुकून हद्द ओलांडणाऱ्यांमध्ये मी सर्वांत जास्त पाहिलाय. आता तर एका मोठ्या चिनी कंपनीने जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत ही कुलुपंच काढून फक्त इशारा दाखवायला सुरुवात केली आहे. जबाबदारी पायलटची, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वतः मला ते पटतं. पण नवरा-नवरीला उंटावर बसवून सूर्यास्त गाठायची घाई असलेल्या पोराला ते कितपत पटेल, कुणास ठाऊक.

अर्जाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. आमच्याकडे ड्रोनचा युनिक आयडी, म्हणजे नोंदणी क्रमांक होता, भारतीय बनावटीचं, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या मंजुरीचं प्रमाणपत्र) मिळालेलं मशीन होतं, दोघांची रिमोट पायलट प्रमाणपत्रं होती. हे सगळं लाल क्षेत्रात किमान पात्रता म्हणून धरतात, परवानगी म्हणून नव्हे. मग क्लायंटचं पत्र, जमिनीच्या भाडेपट्ट्याची प्रत, प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ड्रोनचा अनुक्रमांक, कॅमेऱ्याचं रिझोल्युशन, येणाऱ्या प्रत्येकाचं आधार आणि पोलीस पडताळणी. ड्रायव्हरचीसुद्धा. फाइल दिल्लीत नागरी विमान वाहतूक, संरक्षण, गृह अशी फिरली, आणि स्थानिक अभिप्रायासाठी पुन्हा कच्छात आली. एका टेबलावर ती बरेच दिवस पडून राहिली, कारण आम्ही दिलेले कोपरे दशांश अंशांत होते आणि त्या साहेबांना अंश-मिनिटं-सेकंद हवे होते. ते कुणी कळवलं नाही. आमच्या माणसाने चकरा मारून शोधून काढलं.

परवानगी हातात येईल असं वाटत असतानाच मे २०२५ उजाडला. ७ मे नंतरच्या रात्री कच्छमध्ये ब्लॅकआउट होते. लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानने तीन-चारशे ड्रोन सोडल्याचं सरकारने ९ मेच्या पत्रकार परिषदेत सांगितलं. महाराष्ट्रातसुद्धा, मुंबई पोलिसांनी ड्रोनवर बंदी घातली. आमची फाइल कुठे अडकली हे विचारायलाही आम्ही गेलो नाही. त्या आठवड्यात "साहेब, आमच्या ड्रोनचं काय झालं?" असं फोनवर विचारणारा माणूस वेडाच असायला हवा.

पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं, तेव्हा तसंही काही करता येत नाही. दिवाळीनंतर पुन्हा सगळे कागद ताजे करून दिले. या वेळी मात्र सीमा सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यासमोर समक्ष बसायला बोलावलं, आणि इथून पुढचं मला सविस्तर सांगायचंय.

मी प्रेझेंटेशन तयार करून नेलं होतं. ओव्हरलॅप किती, म्हणजे शेजारचे फोटो एकमेकांवर किती येतात, जमिनीवर एक पिक्सेल किती सेंटिमीटरचा, अचूकता किती. अधिकाऱ्यांनी तिसऱ्या स्लाइडलाच हात वर केला. "ये सब ठीक है. अब मान लीजिए, ये आपकी बात नहीं मान रहा. फिर?"

प्रशिक्षण केंद्रात आम्हाला याचं उत्तर शिकवलेलं असतं : संपर्क तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढतो आणि आपणहून घरी, म्हणजे उडाला त्या जागी येतो. आरटीएच, रिटर्न टू होम. मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, घर कुठे आहे हे त्याला कोण सांगतं? जीपीएस. आणि जीपीएसच खोटं सांगत असेल तर?

प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. मार्च २०२५ मध्ये आपले पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं होतं : नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. त्या प्रवासी विमानांच्या. विमानात वैमानिक असतो, इतर उपकरणं असतात, तो सावरून घेतो. आमच्या साडेतीन किलोच्या यंत्राला जीपीएसने सांगितलं की तू दक्षिणेला सरकलास, तर ते बिचारं जागेवर राहण्यासाठी प्रामाणिकपणे उत्तरेला जाणार. स्क्रीनवर ते जागच्या जागीच दिसणार. पायलटला कळणार तेव्हा फार उशीर झालेला असेल.

आणि यंत्रं ऐकेनाशी होतात हे सैन्यालाही ठाऊक आहे. २०१७ च्या अखेरीस सिक्कीमच्या बाजूला आपलाच एक मानवरहित टेहळणी ड्रोन सरावाच्या उड्डाणात संपर्क तुटून पलीकडे चीनच्या हद्दीत जाऊन पडला होता. डोकलामचा ताण निवळून फार दिवस झाले नव्हते. चीनने जाहीर निषेध केला, आपण तांत्रिक बिघाड असल्याचं सांगितलं. नियंत्रण कक्ष आणि प्रशिक्षित पथक असलेल्या यंत्रणेचं हे होत असेल, तर एका पिकअपच्या मागे टेबल मांडून बसलेल्या आमच्यासारख्यांनी छाती काढण्यात अर्थ नाही.

मग त्यांनी वाऱ्याबद्दल विचारलं. मला वाऱ्याचा वेग पाठ होता, दिशा नव्हे; कारण हिरव्या क्षेत्रात दिशेने काही बिघडत नाही. जीपीएस गेलं की ड्रोन फक्त उंची सांभाळतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्यांनी कागदावर गुणाकार करून दाखवला : सेकंदाला ८ मीटर वारा, बॅटरी २० मिनिटं, म्हणजे साडेनऊ किलोमीटर. आमच्या प्लॉटची उत्तरेची कड सीमेपासून त्याहून जवळ. हिवाळ्यात तिथे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणजे भरकटलेला ड्रोन आपल्याच आत येणार. उन्हाळा लागला की नैऋत्येचा वारा जोर धरतो आणि तोच ड्रोन थेट पलीकडे. "होली के बाद मत आइए," ते म्हणाले. परवानगीच्या पत्रात ही अट नव्हती. पण आम्ही ती सगळ्यांत वरची मानली.

त्या बैठकीनंतर आमची योजना पार बदलली. आधी आम्ही विमानासारखा, पंख असलेला ड्रोन नेणार होतो. एका उड्डाणात मोठं क्षेत्र होतं. पण तो वळण घेताना शंभर-दीडशे मीटर बाहेर झोकतो, आणि आमच्या ओळी उत्तर-दक्षिण आखलेल्या होत्या, म्हणजे दर दुसरं वळण सीमेकडे तोंड करून. तो बाद. चार पंख्यांचा ड्रोन, ओळी पूर्व-पश्चिम, सुरुवात उत्तरेकडून आणि शेवट दक्षिणेकडे, म्हणजे बॅटरी उतरत जाईल तसं यंत्र सीमेपासून दूर येत जाईल. टेक-ऑफची जागा कायम दक्षिणेला. प्लॉटभोवती जिओफेन्स, म्हणजे ड्रोनला ओलांडता न येणारं नकाशावरचं कुंपण, आणि उत्तरेला तो आणखी आत ओढलेला.

संपर्क तुटल्यावर घरी येण्याचा पर्याय आम्ही बंद केला. काही सेकंद वाट पाहायची आणि जागीच उतरायचं. आमच्या मालकांना हे पचायला जड गेलं. रणात वरून पांढरी टणक दिसणारी मिठाची पापडी असते आणि खाली गुडघाभर काळा चिखल. तिथे उतरलेला ड्रोन कॅमेऱ्यासकट गेल्यातच जमा. "लाखांचं मशीन आपणहून चिखलात घालायचं?" असं ते म्हणाले. हो, तेच. सीमेजवळ ड्रोन परत येणं महत्त्वाचं नाही, तो पुढे न जाणं महत्त्वाचं. मला वाटतं प्रशिक्षणात ही एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी, आणि परवानगीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना हवा. वडिलांचं नाव दोनदा विचारणाऱ्या त्या अर्जात तुमचा फेलसेफ काय आहे, म्हणजे बिघाड झाला तर ड्रोन काय करेल, हे एकदाही विचारलेलं नाही.

प्रत्यक्ष उड्डाणाचे दिवस त्या मानाने शांत गेले. इंडिया ब्रिजच्या पुढे नोंद करून जायचं, जवान सोबत. रोज सकाळी एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षण यंत्रणेच्या त्या दिवशीच्या परवानगीचा नंबर मिळाल्याशिवाय पेटी उघडायची नाही. कधी तो सात वाजता मिळे, कधी दहा वाजता, आणि दहाला मिळाला की अर्धा दिवस वाया. कारण रणात फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटो जोडून केलेली मोजणी, सकाळच्या तिरप्या उन्हातच जमते. दुपारी सगळं मीठ एकसारखं पांढरं होतं; सॉफ्टवेअरला दोन फोटोंतला एकच बिंदू ओळखायला काही खूणच सापडत नाही. आम्ही ओव्हरलॅप दोन्ही दिशांना ८० टक्के केला, एक्स्पोजर खाली आणलं, तरी दुपारचे फोटो शिवले गेले नाहीत. जमिनीवरच्या नियंत्रण बिंदूंसाठी, म्हणजे फोटो जागेवर बसवायला नेमक्या मोजलेल्या खुणांसाठी, नेहमीचे काळे-पांढरे चौकोन नेले होते. त्यातला पांढरा भाग मिठात नाहीसाच झाला. शेवटी भुजच्या बाजारातून काळं रेक्झिन आणलं, त्यावर पिवळी फुली रंगवली आणि कोपऱ्यांवर मिठाचीच ढेकळं ठेवली.

सोबतचा एक जवान जतचा निघाला. पहिले दोन दिवस "सर, सर" करत होता, मराठी कळल्यावर "दादा" झाला. त्याने स्क्रीनवर उंचीचा आकडा पाहिला आणि दचकला. जमिनीवर ठेवलेला ड्रोन उणे पन्नासच्या आसपास दाखवत होता. "दादा, हे जमिनीखाली आहे का?" जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि आपल्याकडे या दोन्हींत बराच फरक आहे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग सीमेचंही तसंच असेल ना? तुमच्या मोबाइलमधली रेष वेगळी, आमच्या खांबांची वेगळी.

अगदी बरोबर. रणातली ही सीमा १९६५ च्या संघर्षानंतर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे गेली, १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा झाला, आणि मग जमिनीवर खांब रोवले गेले. ऑनलाइन नकाशातली रेषा ही त्या खांबांची मोजणी नव्हे. अधिकृत म्हणावी ती फक्त सर्व्हे ऑफ इंडियाची. शिवाय कुंपण शून्य रेषेच्या, म्हणजे प्रत्यक्ष सीमेच्या, अलीकडे असतं, त्यामुळे कुंपण दिसतंय म्हणून आपण सुरक्षित अंतरावर आहोत हा अंदाजही फसवा.

एकदा जीपीएसला दिसणाऱ्या उपग्रहांचा आकडा अचानक निम्म्यावर आला. आम्ही बेस स्टेशनच्या, म्हणजे ड्रोनची जागा अचूक करणाऱ्या जमिनीवरच्या जीपीएस यंत्राच्या, शेजारी दुसरा एक रिसीव्हर ज्ञात बिंदूवर नुसता ठेवून दिला होता. एकाचं काम त्याच्या आकड्यांकडे बघत बसणं, बाकी काही नाही. तो रिसीव्हर जागचा हलला नव्हता, पण त्याचे अक्षांश सरकू लागले. ठरल्याप्रमाणे आवाज दिला, माझ्या सहकाऱ्याने रिमोटच्या काठ्या हातात घेऊन नजरेने ड्रोन खाली आणला. वारा उत्तरेचा होता, म्हणून तो आमच्याच दिशेने आला. कारण काय होतं ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जवानाने वेळ वहीत लिहून घेतली. त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

संध्याकाळी मेमरी कार्ड अधिकाऱ्यांसमोर. प्रत्येक फोटो नाही, पण उड्डाणाची नोंद आणि कडेच्या ओळी ते बारकाईने बघत. क्षितिजावर चौकी आलेले काही तिरपे फोटो काढून टाकायला लावले. आमच्या कामाला ते लागणारही नव्हते. डेटा देशाबाहेरच्या क्लाउडवर जाणार नाही हे लिहून द्यावं लागलं. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक मीटरपेक्षा बारीक माहिती देशातच ठेवायची असते, आणि आमचा पिक्सेल तीन सेंटिमीटरचा. त्यामुळे प्रक्रिया पुण्यात, ऑफिसच्याच मशीनवर, नेहमीच्या परदेशी सेवेशिवाय. चार दिवसांचं काम लांबत गेलं, पण झालं.

प्लॉटच्या अगदी उत्तरेच्या चिंचोळ्या पट्टीला मात्र ड्रोनची परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही. ती आम्ही पायी केली. एकाच्या खांद्यावर रोव्हरचा (हातात नेण्याच्या जीपीएस रिसीव्हरचा) दांडा, दुसरा पुढे काठीने पापडी ठोकत, मागे जवान. दर पंचवीस मीटरला एक बिंदू. त्या पट्टीचं बिल वेगळ्या दराने लावलं, आणि क्लायंटच्या हिशेबनीसाने ड्रोन असताना पायी का मोजलं असं विचारलं तेव्हा त्याला उत्तरादाखल परवानगीच्या पत्राचं तिसरं पान पाठवून दिलं.